देवाविषयी येणारे नको ते विचार : एका माळकरी रोखपालाचे प्रकरण

हे प्रकरण तालुक्याच्या गावातल्या मानसोपचार ओपीडीतले, ओसीडीचे (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर), म्हणजे नको ते विचार आणि ते घालवायच्या सक्तीच्या कृती यांच्या आजाराचे आहे. ही एकाच माणसाची हुबेहूब हकीकत नाही. एकाच वळणाच्या अनेक रुग्णांच्या तपशिलांतून ती जुळवली आहे, तेव्हा वय, नोकरी किंवा गावावरून कोणी कोणाला शोधू नये.

आले तेव्हा

वय ३६, सोलापूर जिल्ह्यातल्या एका पतपेढीत रोखपाल. घर वारकऱ्यांचे, तीन पिढ्या माळ. सोबत पत्नी आणि थोरले भाऊ. बोलत होते ते भाऊच : झोप नाही, अन्न जात नाही, दिवसभर पुटपुटतो, दीड महिना रजेवर आहे, पाच महिन्यांत सात किलो वजन उतरले. गृहस्थ खुर्चीच्या कडेला बसलेले. चेहरा थिजल्यासारखा, पापण्याही फारशा हलत नव्हत्या. उठून चालायला सांगितले तर हात अंगाला चिकटलेले, पावले आखूड. गळ्यात माळ नव्हती, आणि माळकरी घरातल्या माणसाच्या बाबतीत हे विचारण्यासारखेच होते.

फाईल जाड होती. सुरुवात पोटापासून झालेली : छातीत धडधड, मळमळ, जेवण न जाणे. गावातल्या डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या आणि अल्प्राझोलाम ही बेचैनीवरची गोळी ०.५ मिलिग्रॅम दोन वेळा दिले. ते वर्षभर चालू होते. मग एंडोस्कोपी, दोन ईसीजी आणि भावाच्या आग्रहाने मेंदूचा एमआरआय. सगळे नॉर्मल. मध्ये एका देवऋषीने करणी सांगितली आणि उतरवायला कोंबडे मागितले. माळकरी घरात कोंबडे कापणे शक्य नव्हते, त्यामुळे तो उपाय राहिला. मात्र ‘आपण तेवढेही केले नाही’ ही टोचणी घरात राहिली. शेवटच्या कागदावर एका शहरातल्या डॉक्टरांची नोंद होती : देवाला शिव्या देणारे आवाज ऐकू येतात. उपचार म्हणून रिस्पेरिडोन हे अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवरचे औषध, ४ मिलिग्रॅम आणि त्याने येणारा आखडलेपणा कमी करणारे ट्रायहेक्सिफेनिडिल, चार महिने. पत्नी म्हणाली, “त्या गोळ्यांनी हे शांत झाले, पण दगडासारखे. पुटपुटणं काही थांबलं नाही.”

शेवटच्या वाक्यात बरेच काही होते. चार महिने पुरेशा मात्रेत अँटिसायकोटिक दिल्यावर माणूस आखडतो, लाळ गळते, पण मूळ तक्रार जशीच्या तशी राहते. मग एकतर आजार चिवट आहे, नाहीतर निदानच वेगळे आहे. चिवटपणाकडे जाण्याआधी निदान उघडून पाहावे.

आवाज की विचार

भाऊ आणि पत्नी यांना बाहेर बसवून बोलणे सुरू केले.

“शब्द कानाने ऐकू येतात? आत्ता माझं बोलणं ऐकू येतंय तसे?”

“नाही. आतच उमटतात.”

“आवाज कोणाचा?”

“माझाच. पण मी म्हणत नाही.”

“मग कोण म्हणतं?”

“देवऋषी म्हणाला, कोणीतरी वदवून घेतंय.”

इथे थांबले तर कागदावर ‘परकी शक्ती मनात विचार घालते’ अशी नोंद होते, आणि ते लक्षण स्किझोफ्रेनियाकडे बोट दाखवते. पुढचा प्रश्न विचारायलाच हवा होता : “देवऋषीकडे जायच्या आधी तुम्हाला काय वाटत होतं?”

“माझ्याच मनातली घाण आहे. मीच पापी.”

म्हणजे करणीची कल्पना बाहेरून आणून त्यांच्या हाती दिली होती. त्यांच्या स्वतःच्या अनुभवात विचार त्यांचेच होते, फक्त नको असलेले, किळस आणणारे, आणि झटकायला गेले की दुप्पट जोराने येणारे. आपल्याकडे रुग्ण डॉक्टरपर्यंत पोचेपर्यंत शेजारी, भगत, मावशी, यूट्यूब अशा चार-पाच जणांचे अर्थ त्याच्या लक्षणांना चिकटलेले असतात. ते खरवडून खालचा मूळ अनुभव पाहणे हे निदानाचे निम्मे काम आहे. घाईच्या ओपीडीत नेमके हेच राहून जाते.

विचार कोणते, हे मात्र ते सांगेनात. तोंड उघडायचे, मिटायचे. अशा वेळी थेट विचारून उपयोग होत नाही. मी सर्वसाधारण बोलायला लागलो : या आजारात काहींना देवाच्या मूर्तीकडे पाहिले की अश्लील शब्द किंवा चित्र डोळ्यांपुढे येते, काहींना पोटच्या लेकराला आपण विळी मारू अशी भीती वाटते, काहींना भर सभेत घाणेरडे ओरडू असे वाटते. त्यांनी एकदम मान वर केली. “विळीचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

कोणीच सांगितले नव्हते. पत्नीलाही ठाऊक नव्हते. घरातली विळी माळ्यावर का गेली आणि हे दोन वर्षांच्या मुलीला उचलून का घेत नाहीत, याचे कोडे त्या बाईंना वर्षभर पडले होते.

विचारानंतर काय

विचार काय येतो यापेक्षा तो आल्यावर माणूस काय करतो, हे अशा रुग्णाला विचारावे. या प्रश्नाचे उत्तर आमच्या बोलण्याचा सर्वांत लांब भाग ठरले.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकीला पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाच्या रांगेतून पुढे सरकून पायांवर डोके ठेवताना एक शिवी मनात आली. रुक्मिणीच्या गाभाऱ्यात त्याहून वाईट काहीतरी आले. बाहेर येऊन त्यांनी चंद्रभागेत पुन्हा स्नान केले. त्या दिवसापासून शिवी आली की मनातल्या मनात ‘पांडुरंग हरी’ २१ वेळा म्हणायचे. म्हणताना मध्येच पुन्हा शिवी आली तर मोजणी पहिल्यापासून. रोजचा हरिपाठ अर्ध्या तासात व्हायचा, तो तीन तासांवर गेला, कारण कोणत्याही चरणात घाण शब्द डोकावला की तो अभंग पुन्हा. घरातल्या विठोबाच्या कॅलेंडरवर त्यांनी टॉवेल टाकला. रस्त्यात देऊळ आले की मान खाली. मग आपण माळेच्या लायकीचे नाही म्हणून माळ उतरवून देवघरात ठेवली.

पुटपुटणे ते हेच. भासांना दिलेले उत्तर नव्हते, मोजणी होती.

शिवाय दिवसातून तीस-चाळीस वेळा पत्नीला विचारायचे : “माझ्या तोंडून काही निघालं का?” ती म्हणायची, “नाही हो.” पाच मिनिटे बरे वाटायचे. आईजवळ कबुली, फडावरच्या महाराजांजवळ कबुली, क्षमा. त्यांचे स्वतःचे वाक्य माझ्या लक्षात राहिले आहे : “सर, व्याज रोज भरतोय आणि मुद्दल वाढतच चाललंय.” रोखपालाने केलेले हे ओसीडीचे वर्णन पाठ्यपुस्तकापेक्षा सरस आहे. विचारामुळे भीती, भीती घालवायला कृती, कृतीने तात्पुरता आराम. त्या आरामामुळे मेंदू शिकतो की विचार खरोखरच धोक्याचा होता, म्हणून तो पुढच्या वेळी आणखी जोराने हाक मारतो.

ज्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात तो ओसीडी लोकांच्या डोळ्यांपुढे हात धुण्याच्या आणि कुलूप ओढून पाहण्याच्या रूपात येतो. इथे बाहेरून काहीच दिसत नव्हते. कृती मनातल्या मनात चालली होती. इंटरनेटवर ‘नुसत्या विचारांचा ओसीडी’ असा एक प्रकार फिरतो. माझ्या मते तो बहुतेक वेळा नीट न विचारल्याचा परिणाम असतो. मनात मोजणे, जप, आठवून आठवून खात्री करणे, दुसऱ्याकडून ‘काही नाही हो’ वदवून घेणे या सगळ्या कृतीच आहेत.

निदान पक्के करताना

मागे गेल्यावर आणखी सापडले. बारावीच्या वर्षी उत्तरपत्रिकेतली अक्षरे पुन्हा पुन्हा गिरवायचे आणि पेपर अपुरे राहायचे. ते सहा-आठ महिन्यांत आपोआप ओसरले होते. चुलत आजोबा ‘फार सोवळ्याचे’ होते, तासन् तास विहिरीवर असायचे. पतपेढीत गेल्या वर्षभरापासून रोकड चार-चार वेळा मोजली जात होती, पण रोखपालाचा काटेकोरपणा कोणाला खुपत नाही.

वेगळे काढायला हव्या होत्या त्या गोष्टी या : सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटणे, नाही, कारण भास नाहीत, विचार स्वतःचे वाटतात, आणि ‘हे अतिरेकी आहे, पण थांबवता येत नाही’ ही जाण शाबूत आहे. नैराश्य आहे का? आहे. भूक, झोप, वजन, मरणाचे विचार सगळे आहे. पण क्रम महत्त्वाचा. नको असलेले विचार दोन वर्षांपासूनचे, उदासी पाच महिन्यांची. नैराश्यातला अपराधीभाव माणसाला पटलेला असतो, तो त्याच्यापुढे मान तुकवतो. इथे गृहस्थ विचाराशी दिवसभर झुंजत होते आणि त्या झुंजीने थकून उदास झाले होते. दारू-तंबाखू नाही. कधी झोपेविना उत्साहाचा, खर्चाचा, मोठेपणाच्या गप्पांचा काळ गेला का, हे भावाला खोदून विचारले, कारण बायपोलर आजार सुटला आणि अँटिडिप्रेसंट भरपूर मात्रेत दिले तर उन्माद उसळू शकतो. तसे काही नव्हते. अंगाला झटके किंवा आवाज काढण्याच्या सवयी, म्हणजे टिक्स, नव्हत्या. थायरॉईडची टीएसएच चाचणी आणि रक्तातले सोडियम ठीक. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ओसीडी दिसला असता तर मेंदूचा आजार शोधावा लागला असता. किशोरवयात सुरू झालेल्या ओसीडीसाठी एमआरआयची गरज नव्हती, पण तो आधीच झालेला होता आणि खिसाही रिकामा झालेला होता.

आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाप्रमाणे निदान ओसीडी, जाण चांगली ते बरी, सोबत मध्यम तीव्रतेचे नैराश्य, आणि औषधजन्य पार्किन्सनसारखी लक्षणे. ओसीडीची तीव्रता मोजायला १९८९ पासून वापरात असलेले वाय-बॉक्स हे मोजमाप घेतले. ४० पैकी ३० गुण आले. २४ ते ३१ म्हणजे तीव्र.

विळीच्या विचाराबद्दल भावाने नंतर घाबरून विचारले, “मुलीला धोका आहे का?” उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. ज्याला अशा विचाराची किळस येते, जो विळी माळ्यावर टाकतो, मुलीपासून लांब पळतो, त्याच्या बाबतीत हा विचार हेतू नसतो. पूर्वी हिंसा, राग, आज्ञा देणारे भास, नशा यांपैकी काही असते तर गणित वेगळे झाले असते. यातले काहीच नव्हते, म्हणून मुलीला वडिलांपासून दूर ठेवू नका असे सांगितले. दूर ठेवले असते तर त्यांच्या भीतीवर घरानेच शिक्का मारला असता.

धोका त्यांच्या स्वतःच्या जिवाला होता. “या पापापेक्षा मेलेलं बरं” असे दोनदा मनात आले होते. एकदा बागेच्या शेडपर्यंत जाऊन परत फिरले होते. घरची डाळिंबाची बाग, शेडमध्ये फवारणीची औषधे. ग्रामीण महाराष्ट्रात आत्महत्येच्या जोखमीबद्दल बोलताना हा प्रश्न विचारायलाच हवा. औषधे त्याच दिवशी चुलत्यांच्या कुलुपात गेली, गोळ्या पत्नीच्या ताब्यात आणि एका वेळी आठवड्याच्याच. भावाला रात्री सोबत झोपायला सांगितले आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर तिघांच्या फोनमध्ये घातला. घरच्यांनी याला नाही म्हटले असते तर दाखल करण्याची तयारी होती.

गोळ्या

जुन्या गोळ्यांचा निकाल आधी लावायचा होता. रिस्पेरिडोन चार आठवड्यांत उतरवत बंद केले, ट्रायहेक्सिफेनिडिल त्याच्या मागोमाग. वर्षभर घेतलेले अल्प्राझोलाम एका दिवसात तोडता येत नाही, बेचैनी उसळते, क्वचित फिटही येऊ शकते. ते दर दोन आठवड्यांनी पाव मिलिग्रॅमने कमी केले.

रिस्पेरिडोनबद्दल एक न्यायाची गोष्ट सांगायला हवी. ओसीडीत ते औषध निषिद्ध नाही. सेरोटोनिनवर काम करणारे औषध पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ देऊनही उतार पडला नाही, तर कमी मात्रेतले रिस्पेरिडोन किंवा अॅरिपिप्राझोल जोडीला देतात आणि साधारण तिघांतल्या एकाला त्याचा फायदा होतो. एकट्याने ते ओसीडी बरे करत नाही, आणि इथे ते एकटेच होते.

नवीन औषध सर्ट्रालिन, सेरोटोनिनवर काम करणारे अँटिडिप्रेसंट. ५० मिलिग्रॅमने सुरुवात, हळूहळू वाढवत आठव्या आठवड्यापर्यंत २००. त्याच गटातले फ्लुओक्सेटिनही चालले असते, पण ते रिस्पेरिडोन आणि अल्प्राझोलाम या दोन्हींची रक्तातली पातळी वाढवते, आणि आम्ही नेमके तेच दोन उतरवत होतो. क्लोमिप्रामिन जुने आणि दमदार औषध आहे. मात्र एकदम जास्त घेतले तर हृदयाला घातक ठरते, आणि शेडपर्यंत जाऊन आलेल्या माणसाच्या घरात ते पहिल्याच फेरीत ठेवणे मला पटले नाही.

घरच्यांना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात. ओसीडीला नैराश्यापेक्षा जास्त मात्रा लागते आणि जास्त वेळ लागतो. पूर्ण मात्रेवर आठ ते बारा आठवडे गेल्याशिवाय ‘गोळी लागू पडली नाही’ असे म्हणता येत नाही. आणि पहिल्या दोन आठवड्यांत बेचैनी वाढू शकते, पोट बिघडू शकते. औषध इथेच सोडले जाते. आपल्याकडे अनेक रुग्णांच्या फाईलमध्ये तीन-तीन औषधे ‘निष्फळ’ म्हणून दिसतात, आणि नीट पाहिले तर प्रत्येक ५० मिलिग्रॅमवर तीन आठवडे दिलेले असते.

उतारा न घेणे

गोळ्यांइतकाच, कदाचित त्याहून टिकाऊ उपचार म्हणजे ईआरपी (एक्स्पोझर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) : ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरे जायचे आणि भीती घालवणारी कृती करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली ज्या दोन रुग्णांवरून ही पद्धत मांडली, त्यांतल्या एका स्त्रीला देवाविषयीचेच अश्लील विचार छळत होते. त्यामुळे ‘आमच्या धर्मातच असले काही निघते का’ हा भावाचा प्रश्न लगेच मिटला. १९७८ साली रॅचमन आणि डी सिल्व्हा यांनी दाखवले की असे विचित्र, हिंसक, लाजिरवाणे विचार निरोगी माणसांतल्या बहुसंख्यांनाही येतात. त्यांना फक्त त्यांचे काही वाटत नाही, ते पुढे जातात. हे ऐकून गृहस्थ बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे महाराजांनाही येत असतील?” मी म्हटले, येत असणार.

पण ही माहिती एकदाच द्यायची असते. दुसऱ्यांदा दिली की तीही ‘नाही हो’ होते.

इथे घरातले एक प्रेमळ अपयश सांगतो. आई वारकरी परंपरेत मुरलेली बाई. तिने मुलाला समजावले होते : अरे, जनाबाईने विठोबाला काय काय शिव्या घातल्या, त्याला राग आला का? युक्तिवाद बिनतोड आहे. एक दिवस त्यांना हलके वाटले. दुसऱ्या दिवशी मन म्हणाले, जनाबाईने मायेने घातल्या, तू घाणीने घालतोस. ओसीडीशी वाद घालून तो हरत नाही. प्रत्येक उत्तरातून तो नवा प्रश्न काढतो. माणूस हुशार असेल तर प्रश्नही हुशार निघतात.

म्हणून महाराजांना भेटून एकच विनंती केली. त्यांनी एकदा, सर्वांसमोर सांगावे की हरिपाठ एकदाच म्हणायचा, मन भरकटले तरी पुन्हा नाही. त्यानंतर याविषयी विचारले तर ‘दवाखान्यात सांग’ एवढेच म्हणावे. महाराजांनी ते फार समजूतदारपणे पाळले. धर्मातला अधिकारी माणूस उपचारात असा घेता येतो, फक्त तो खात्री देणारे दुसरे खाते बनू नये.

आमच्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आठवड्यातून एक दिवस येतात. त्यांनी गृहस्थांबरोबर बसून भीतीची शिडी लिहिली, शून्य ते शंभर गुण देऊन. कॅलेंडरवरचा टॉवेल काढणे ४०. मुलीला मांडीवर घेऊन भाजी चिरताना पत्नीजवळ बसणे ५५. हरिपाठ एका दमात, न थांबता, न फिरवता ६०. शिवीचे पहिले अक्षर कागदावर लिहून ते खिशात ठेवून देवळासमोरून जाणे ८०. गाभाऱ्यात उभे राहून विचार आला तर येऊ देणे आणि ‘पांडुरंग हरी’ न मोजणे ९५. माळ पुन्हा घालणे त्यांनी स्वतः शेवटी लिहिले, १००.

एक मर्यादा आम्ही पाळली. भाविक माणसाला देवाचा अपमान करायला लावणे हा उपचार नाही. घरातला दुसरा निरोगी वारकरी जे सहज करतो, तेवढे याला करता यावे, हे माप. त्याचा भाऊ मनात काहीही आले तरी आरती पूर्ण करतो. तेवढे पुरे. श्रद्धा उणी करणे हे उद्दिष्ट नाही, आणि तसा वास जरी आला तरी रुग्ण पुन्हा येत नाही.

सगळ्यात अवघड गृहपाठ पत्नीच्या वाट्याला आला. “तोंडून काही निघालं का” या प्रश्नाला यापुढे उत्तर नाही. वाक्य तिघांनी मिळून ठरवले : “हा आजाराचा प्रश्न आहे, याला मी उत्तर देणार नाही, चला चहा घेऊ.” रागाने नाही, टोमणा नाही. पहिल्या आठवड्यात त्या रडल्या. म्हणाल्या, “उत्तर नाही दिलं तर ह्यांचा चेहरा बघवत नाही.” कोणाला बघवेल? पण दोन वर्षांत वीस हजारांहून जास्त वेळा ‘नाही हो’ म्हणून झाले होते आणि त्याचा परिणाम समोर बसला होता. हिशेब रोखपालांनीच मांडला.

पुढे काय झाले

चौथ्या आठवड्यात झोप सुधारली, चेहरा हलू लागला. तो रिस्पेरिडोन उतरल्याचा परिणाम. मरणाचे विचार थांबले. वाय-बॉक्स ३० वरून २७. गृहस्थ नाराज, भाऊ त्याहून नाराज, गोळ्या बदला म्हणून हटून बसले. बदलल्या नाहीत.

आठव्या आठवड्यात टॉवेल निघालेला होता, हरिपाठ पन्नास मिनिटांवर आला होता. कामावर अर्धा दिवस जाऊ लागले. पतपेढीच्या व्यवस्थापकांना आजार न सांगता एवढेच ठरवले की रोकड दोनदाच मोजायची आणि दुसऱ्या मोजणीनंतर ड्रॉवर बंद. सोळाव्या आठवड्यात गुण १७. सुरुवातीच्या गुणांत ३५ टक्के घट झाली की उपचाराला प्रतिसाद मानतात. इथे ती ४० च्या वर गेली होती.

आणि तिथेच गाडी अडकली. महिनाभर १७ वरून हलेना. औषध वाढवावे की जोडीला दुसरे द्यावे हा मोह होता. त्याआधी पुन्हा तोच प्रश्न विचारला : विचार आल्यावर सध्या काय करता? जप नाही, पत्नीला विचारणे नाही. मग? थोड्या वेळाने मोबाईल पुढे केला. रात्री पांघरुणात ‘मनात वाईट विचार आला तर पाप लागते का’ हे शोधायचे, प्रवचनांचे व्हिडिओ दीड-दोन तास पाहायचे, एकातून दुसऱ्यात. जुनी कृती नव्या वेशात आली होती. आजकाल प्रत्येक ओसीडीच्या रुग्णाला फोनमध्ये काय शोधता हे विचारावे. संकोच वाटतो, पण अडकलेल्या उपचाराचे कारण बऱ्याचदा तिथे असते. फोन रात्री नऊनंतर देवघराच्या कपाटात ठेवायचे ठरले. नवी गोळी न देता पुढच्या दोन महिन्यांत गुण ११ वर आले.

मधल्या काळात आषाढी आली. जावे की नाही यावर घरात दोन तट. ‘बरे झाल्यावर जा’ हा सल्ला सरळ दिसतो, पण टाळणे हेच या आजाराचे खाद्य आहे. ते भावाबरोबर एका दिवसासाठी गेले, मुखदर्शन घेतले. रांगेत विचारांनी कहर केला. संध्याकाळी मला व्हॉट्सअॅपवर लांबलचक संदेश : सगळे सांगून शेवटी ‘सर, एवढं एकदाच सांगा, पाप नाही ना?’ उत्तरात मी फक्त ठरलेले वाक्य आणि पुढच्या भेटीची तारीख लिहिली. निष्ठुर वाटते खरे. त्या रात्री त्यांनी दुसऱ्या कोणालाही विचारले नाही, आणि ही कृतींची नोंद ठेवायच्या त्यांच्या वहीतली पहिली संपूर्ण कोरी रात्र होती.

वर्षाच्या शेवटी वाय-बॉक्स ९. विचार अजूनही येतात, आठवड्यातून काही वेळा, विशेषतः जागरण झाले किंवा मार्चअखेरीचे काम वाढले की. मुलगी कडेवर असते, विळी ओट्याखाली परत आली आहे. माळ त्यांनी ठरवलेल्या एकादशीला न घालता एका साध्या मंगळवारी घातली. ‘योग्य मुहूर्त’ शोधणे हीसुद्धा कृतीच झाली असती, हे त्यांचे त्यांनाच सुचले.

एक तक्रार त्यांनी आपणहून कधीच केली नसती. पती-पत्नी संबंधांत वीर्यस्खलनाला फार वेळ लागतो, हे सर्ट्रालिनचे सर्वपरिचित काम. नववा महिना उजाडेपर्यंत पत्नीही बोलली नाही. विचारल्यावर दोघेही सुटल्यासारखे बोलले. असे प्रश्न न विचारल्यामुळे किती जण गुपचूप गोळी बंद करतात याचा अंदाज करवत नाही. गुण स्थिर होते, म्हणून मात्रा २०० वरून १५० केली आणि त्रास बराच कमी झाला. एकूण औषध प्रतिसाद आल्यानंतर किमान एक ते दोन वर्षे ठेवायचे आणि मग महिना-दोन महिन्यांच्या अंतराने थोडे थोडे उतरवायचे, असे ठरले आहे. एकदम सोडले तर आजार उलटण्याची शक्यता मोठी असते. भावाला मात्रा आणखी उतरवायची घाई आहे. गृहस्थांना नाही. ईआरपीची उजळणी दर तीन महिन्यांनी एक, आणि पुढची आषाढी येण्याच्या पंधरा दिवस आधी एक जास्तीची ठेवली आहे.